मिरजेचा दवाखाना, जामखेडचा हापसा आणि जिनिव्हा

मंडळाच्या मागच्या बैठकीत मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचा विषय निघाला तेव्हा एकांनी विचारलं, "मिशनवाल्यांनी दवाखाने काढले ते धर्मप्रसारासाठीच ना? मग त्यात एवढं काय?" प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र वळणावळणाचं. म्हणून हे टिपण.

आपल्या बेळगावात आजार हाताबाहेर गेला की "मिरजेला न्या" हे जुन्या पिढीच्या तोंडी असलेलं वाक्य. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं. त्या काळात उपचार आणि उपदेश हातात हात घालून चालत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अशा सगळ्याच हॉस्पिटलांची आणखी एक मर्यादा होती. रोगी दाराशी आला तर उपचार. जो येऊच शकला नाही, त्याचं काय?

हा प्रश्न चर्चच्या आतूनच उठला. १९६४ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथे भरलेल्या बैठकीत असा विचार पुढे आला की आरोग्य ही एकट्या डॉक्टरची जबाबदारी नाही, साऱ्या समाजाची आहे. त्यातूनच १९६८ मध्ये जिनिव्हाला चर्चच्या जागतिक परिषदेचं ख्रिश्चन मेडिकल कमिशन उभं राहिलं. हॉस्पिटलं बांधत सुटण्यापेक्षा गावागावात काय करता येईल, हा त्याचा शोध होता.

याच सुमारास नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांना जाणवलं होतं की बरा करून घरी पाठवलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो. कारण घरी तेच पाणी आणि तीच उपासमार. अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन त्यांनी १९७० मध्ये जामखेडला जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं.

मी पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर. त्यामुळे मला यातली पाण्याची बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९७२ चा दुष्काळ पडला. लोकांनी आधी औषध मागितलं नाही, पाणी आणि अन्न मागितलं. मग बोअर मारायचं ठरलं. पण कुठे? आरोळ्यांनी शक्य तिथे बोअर दलित वस्तीत घेतल्या. गावातल्या इतरांना पाणी हवं तर त्याच हापशावर यावं लागे. विहिरीवरची शिवाशिव नुसत्या भाषणांनी हटत नव्हती. इथे हापशाची जागाच तिला आव्हान देऊ लागली.

दुसरी गोष्ट माणसांची. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नसत आणि गावाचाही त्यांच्यावर लवकर विश्वास बसत नसे. म्हणून गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन तेच इतरांना शिकवायच्या. बाळंतपणातली स्वच्छता, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी, पोराचं वजन, लस. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ साली त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भकं वर्षाच्या आत दगावत. पुढच्या दोन-अडीच दशकांत तो आकडा तिशीच्या आत आला.

हे जगाला कसं कळलं? कमिशनचं ‘कॉन्टॅक्ट’ नावाचं छोटं पत्रक होतं, त्यातून अशा प्रयोगांची माहिती फिरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालयही जिनिव्हातच. १९७४ पासून दोन्हीकडची माणसं रीतसर एकत्र बसू लागली. १९७५ साली संघटनेने ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटाला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. एकट्या जामखेडमुळे तो झाला असं म्हणणं चूक. चीनचे ‘अनवाणी डॉक्टर’ आणि इतर देशांतले प्रयोगही त्यामागे होते. पण त्या विचारात आपल्या मराठी मुलखाचा वाटा आहे, तो आपणच विसरलोय.

आता मूळ प्रश्न. आरोळे दांपत्याची श्रद्धा लपलेली नव्हती. शेवटच्या माणसापर्यंत जायचं, हे त्यांना तिच्यातूनच सुचलं. पण उपचार, पाणी किंवा शिक्षण यांसाठी धर्माची अट नव्हती. श्रद्धेने माणूस कुठे उभा राहतो, हे मला इथे बघायला मिळतं.

शेवटी एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीला एका गावच्या नळयोजनेचा नकाशा मी काढला होता. दलित वस्ती पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला ठेवली, कारण तसं अंतर कमी पडत होतं आणि खर्च वाचत होता. हिशोब बरोबर होता. उन्हाळ्यात दाब उतरला की त्या वस्तीत पाणी चढत नसे. जामखेडबद्दल वाचलं तेव्हा कळलं की नळाची सुरुवात कुठून करायची, हा नुसता इंजिनिअरिंगचा प्रश्न नव्हता. हे मला पंचविशीत कुणी सांगायला हवं होतं.