मद्याच्या तळाशी दडलेला देव

रिकाम्या प्याल्याचे कौतुक सहसा कोणी करीत नाही. परंतु म्युनिकच्या प्राचीन कलासंग्रहालयात एक ग्रीक प्याला आहे, आणि त्याची खरी मौज तो रिकामा होण्यातच आहे! अथेन्सच्या एक्सेकियास या कुंभाराने इ. स. पूर्व 530 च्या सुमारास तो घडविला आणि बैठकीवर आपले नाव घातले. तोंडाची रुंदी सुमारे 30 सेंटिमीटर, उंची त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आत तांबूस पार्श्वभूमीवर एक गलबत. त्यात मद्याचा देव डायोनायसस एकटाच रेललेला. डोलकाठीवर द्राक्षवेल चढली आहे; तिला सात घोस, आणि गलबताभोवती सात डॉल्फिन. काळ्या आकृती रंगाच्या नव्हेत, गाळीव मातीच्या आहेत. भट्टीत हवा कोंडली की सारे भांडे काळे पडते. पुन्हा हवा सोडली की ते तांबडे होते, पण गाळीव मातीचा लेप काळाच राहतो. बारीक रेषा भाजण्यापूर्वीच कोरलेल्या.

होमरच्या नावावर चालत आलेल्या एका स्तोत्रात या चित्राची कथा आहे. चाच्यांनी देवाला राजपुत्र समजून पळविले. बांधू गेले, तो बंध गळून पडले; शिडावर वेल पसरली; देवाने सिंहाचे रूप घेतले. भयाने समुद्रात उड्या टाकणाऱ्यांचे डॉल्फिन झाले. देवाला ओळखणारा सुकाणूवाला तेवढा वाचला.

मी मराठीचा अध्यापक. गोष्ट लिहिताना काय गाळावे, हे विद्यार्थ्यांना शिकविणे सर्वांत अवघड जाते. एक्सेकियासने दोर गाळले, सिंह गाळला, सुकाणूवालाही गाळला. उरली ती सारे घडून गेल्यानंतरची शांतता.

आणि तीही लगेच दिसत नसे. प्याला उचलला की बाहेर रंगविलेले दोन मोठे डोळे समोरच्याकडे रोखले जात. पिणाऱ्याची बोटे कानांवर, आणि तेथे तर प्रेतासाठी झुंजणारे योद्धे! मद्य ओसरे तेव्हा कुठे तळाचा देव वर येई.

इटलीतील वुल्ची येथे सापडलेला हा प्याला 1841 मध्ये बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाच्या संग्रहात आला. आता काचेआड देव एका दृष्टिक्षेपात दिसतो. म्हणून वाचकहो, कधी त्याच्यापुढे उभे राहण्याचा योग आलाच, तर आधी तो मनाने काठोकाठ भरा, आणि मग सावकाश रिकामा करा.