बोट धक्क्याला लागली. आता उतरून कुठे जायचे?

उसाचे बिल हाती आले, देणी-घेणी मिटली, घरातले कार्य पार पडले, की संध्याकाळी ओसरीवर विषय निघतो, "यंदा कुठेतरी जाऊन येऊ." पूर्वी हा विषय पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर इथवर येऊन थांबत असे, फार झाले तर काशी. आता मुंबईत नोकरीला असलेला मुलगा किंवा जावई म्हणतो, "आई-आबांना एकदा बोटीने फिरवून आणू." आणि बघता बघता घरातली पाच-सहा माणसे सामानसुमानासह मुंबईच्या धक्क्यावर उभी राहतात.

बोटीवर राहण्यात अवघड असे काही नाही. खोली मिळते, जेवण मिळते, रात्री करमणूक असते. खरा प्रश्न उभा राहतो तो बंदर आल्यावर. बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते. मधले सात-आठ तास तुमचे. या वेळात बोटीच्या कंपनीने आखलेल्या सहलीत नाव घालायचे, की आपले आपण उतरून फिरायचे? घरात लगेच दोन तट पडतात. तरुण मंडळी म्हणतात, "कशाला त्यांना पैसे द्यायचे? रिक्षा करू." वडीलधारी म्हणतात, "अनोळखी मुलूख आहे, चार माणसांबरोबर गेलेले बरे."

वाचकहो, दोघांचेही बरोबर आहे. पण प्रत्येक बंदरात नाही. सगळ्या प्रवासासाठी एकच उत्तर शोधाल तर फसाल. काळी जमीन आणि माळरान यांना आपण एकच पीक लावत नाही, तसेच हे आहे. बंदर पाहून ठरवायचे आणि ठरवताना तीन गोष्टी विचारायच्या. पाहण्याचे ठिकाण धक्क्यापासून किती लांब? उशीर झाला तर आपल्यासाठी थांबणार कोण? आणि आपल्यात सगळ्यात सावकाश चालणारे माणूस किती चालू शकते?

बोट कोणासाठी थांबते?

मधला प्रश्न सर्वांत मोलाचा, म्हणून त्याचे आधी पाहू. कंपनीच्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर बोट तिची वाट पाहते, किंवा त्या माणसांना पुढच्या बंदरात पोहोचवण्याची सोय कंपनी करते. आपल्या आपण गेलेल्या माणसासाठी बोट थांबत नाही. एस.टी.चा कंडक्टर एखाद्या वेळी ओळखीने दोन मिनिटे गाडी थांबवील. बोटीचा कप्तान तसे करू शकत नाही. बंदरातली जागा, वाट दाखवणारा पायलट, भरती-ओहोटी हे सारे वेळेवर बांधलेले असते.

२०२४ च्या मार्च महिन्यात आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या बेटावर आठ प्रवासी खाजगी सहलीला गेले होते. ते वेळेत परतले नाहीत आणि बोट निघून गेली. त्यांत वयस्क माणसे होती, एक गरोदर बाई होती. बोट गाठण्यासाठी त्यांना गाड्या आणि विमाने बदलत एकामागून एक देश ओलांडावे लागले. गँबियात बोट मिळेल म्हणून ते तिथे पोहोचले, तर ओहोटीमुळे बोट बंदरात शिरलीच नाही. शेवटी सेनेगलमध्ये ती गाठली. आपल्याकडे मुंबई-गोव्याच्या फेरीत एवढी पाळी येणार नाही, गोव्याहून रेल्वेने घरी परतता येईल. पण सामान बोटीवर, औषधाची पिशवी बोटीवर आणि आपण धक्क्यावर, ही वेळ कोणावर येऊ नये.

आता मुंबईहून सुटणाऱ्या फेऱ्यांमध्ये येणारी तीन ठिकाणे घेऊ. कोणत्या फेरीत कोणते बंदर आहे, हे मात्र तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

गोवा : आधी काय पाहायचे ते ठरवा

बोट लागते ती मुरगाव बंदरात. जवळचे गाव वास्को. नकाशावर गोवा लहान दिसतो, म्हणून माणसे गाफील राहतात. पणजी तिथून तीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि जुने गोवेही तितकेच लांब. झुआरी नदीवरचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात वाहतुकीला खुला होऊ लागल्यापासून रस्ता पुष्कळ सुधारला आहे, तरी सुट्टीच्या दिवसांत गर्दी असतेच. जाण्याला दीड तास आणि येण्याला दीड तास धरूनच बेत आखा.

जुन्या गोव्यातले चर्च, एखादा समुद्रकिनारा आणि पणजीचा बाजार एवढेच पाहायचे असेल तर कंपनीची सहल सोयीची. बस धक्क्यावरून नेते, धक्क्यावर आणून सोडते. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचे कुलदैवत गोव्यात आहे. कोणाचा मंगेश, कोणाची शांतादुर्गा. कंपनीच्या बसला तुमच्या कुलदैवताशी कर्तव्य नसते. ती गेली तरी वीस मिनिटांत "चला, चला" होते. ओटी भरायची आहे, अभिषेक सांगायचा आहे, सुनेला पहिल्यांदा पायावर घालायचे आहे, तर तिथे घाई कामाची नाही. अशा घराने सरळ आपली गाडी करावी. मुरगावहून मंगेशी किंवा कवळे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडते. दर्शन करावे, वाटेत फोंड्याकडची एखादी मसाल्याची बाग पाहावी आणि परत फिरावे. त्याच दिवशी किनाराही उरकू, पणजीही पाहू, असा लोभ धरू नये.

गाडीचे भाडे बसण्याआधी ठरवा. जाऊन-येऊन किती, थांबण्याचे किती, हे दोन्ही स्पष्ट बोलून घ्या. एकटादुकटा धडधाकट माणूस असेल तर त्याला वास्कोहून पणजीला कदंबच्या बसगाड्याही मिळतात.

कोची : पायी आणि रिक्षाने

कोचीची गोष्ट निराळी. प्रवासी बोटी लागतात ते विलिंग्डन बेट मुळात समुद्राने घडवलेले नाही. बंदर खोल करण्यासाठी उपसलेला गाळ भरून ते माणसाने तयार केले. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनियरच्या देखरेखीखाली हे काम झाले. शेततळ्याचा गाळ काढून खडकाळ रानावर टाकणाऱ्याला त्याची किंमत सांगायला नको.

इथून मट्टनचेरी आणि फोर्ट कोची ही जुनी वस्ती जवळ आहे. रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते आणि पाहण्यासारखे बरेचसे एकमेकांना लागून आहे. समुद्रावर चिनी जाळी आहेत; तराजूसारखे लाकडी सांगाडे, एका टोकाला जाळे, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. चार-सहा माणसे जोर लावून ती वरखाली करतात. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला आधी तिथे पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मट्टनचेरीत राजवाडा आहे आणि १५६८ साली बांधलेले ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. राजवाडा शुक्रवारी बंद असतो, प्रार्थनामंदिर शनिवारी. आपली बोट कोणत्या वारी पोहोचते ते पाहून घ्या.

शेतकऱ्याने पाहावी ती मात्र मट्टनचेरीची मसाल्याची पेठ. मिरी, सुंठ, वेलदोडा यांची वखारवाली गल्ली आहे, वासानेच ओळखू येते. माल वाळवायचा कसा, निवडायचा कसा, प्रत कशी लावतात, हे दुकानदाराशी गोडीने बोललात तर पाहायला मिळते. कंपनीच्या सहलीत हा वेळ मिळेलच असे नाही. म्हणून कोचीत हातीपायी धड असलेल्या कुटुंबाने आपले आपण फिरावे, हे उत्तम. एक काळजी घ्या. काही रिक्षावाले फार कमी भाडे सांगतात आणि मग दुकानामागून दुकान दाखवत बसतात, कारण त्यांना दुकानदाराकडून दलाली मिळते. "दुकानात जायचे नाही, भाडे पुरते घे," असे सुरुवातीलाच सांगावे.

लक्षद्वीप : इथे आपले चालत नाही

लक्षद्वीपला निवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही. छत्तीस बेटांपैकी वस्ती दहांवरच आहे आणि तिथे पाय ठेवायला भारतीय माणसालाही परवाना लागतो. बोटीने जाणाऱ्यांचा परवाना कंपनी काढते, म्हणून तिच्या व्यवस्थेतच फिरावे लागते.

इथली दुसरी अडचण अशी, की मोठी बोट बेटाला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असते, आत पाणी उथळ. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि माणसांना होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात. होडी हलत असते. पाऊल टाकायचा नेमका क्षण साधावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या आजीने, नुकतेच ऑपरेशन झालेल्या माणसाने इथे भीड धरू नये. बोटीवरच थांबावे, वरच्या मजल्यावरून ते निळे-हिरवे पाणी पाहावे. समुद्र खवळला असेल तर उतरणे रद्दच होते, तेव्हा हिरमुसायचे नाही.

उतरणाऱ्यांनी जाकीट शेवटपर्यंत काढू नये. विहिरीत पोहणारा समुद्रात पोहू शकतोच असे नाही. प्रवाळाचा तुकडा "आठवण" म्हणून पिशवीत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि बेटावरची नारळाची झाडे अवश्य न्याहाळा. नारळ आणि मासे यांवर ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत.

पैशाचा हिशेब

कंपनीची सहल माणशी असते. टॅक्सीचे भाडे गाडीमागे असते. इथेच सारा फरक पडतो. समजा, सहल माणशी दोन हजार रुपये आणि दिवसभराची गाडी चार हजार. नवरा-बायको दोघेच असतील तर दोन्हीकडे चार हजारच पडतात; मग सहलच घ्यावी, निदान उशिराची धास्ती नाही. पाच माणसांचे कुटुंब असेल तर सहलीचे दहा हजार होतात, गाडीचे चारच. वाचलेल्या सहा हजारांसाठी वेळेवर परतण्याची जबाबदारी आपण घेतो, हे ध्यानात असू द्यावे. खरे दर बोटीवर आणि धक्क्यावर विचारून असाच हिशेब मांडा. सहलीच्या दरात जेवण आणि तिकिटे धरली आहेत का, हेही विचारा.

पैसे भरले तरी माणसे आपणच मोजायची

सहल घेतली म्हणजे काळजी मिटली, असे मात्र समजू नका. २०२५ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटावर बोटीच्या कंपनीनेच काढलेल्या सहलीत ऐंशी वर्षांची एक बाई डोंगर चढताना मागे राहिली. बोट तिला न घेताच सुटली. चूक ध्यानात आल्यावर बोट परत फिरली, शोध झाला. पण दुसऱ्या दिवशी ती मृतावस्थेत सापडली. तिच्याबरोबर घरचे कोणी नव्हते.

वारीत दिंडीचा चोपदार असतो, तरीही घरची माणसे एकमेकांना धरून चालतात. तेच इथे करायचे. वाटाड्या पुढे असतो. म्हाताऱ्या माणसाबरोबर घरातले एक तरुण माणूस मागे असले पाहिजे. "तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू," असे आई म्हणाली तरी पुढे व्हायचे नाही.

उतरण्याआधी

रोज बोटीवर दिवसाचा कागद मिळतो. त्यावर परत येण्याची शेवटची वेळ आणि बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. तो कागद खिशात ठेवा आणि नंबर घरातल्या दोघांकडे लिहून द्या.

शेवटच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी धक्क्यावर पोहोचेल असाच बेत आखा. लांबचे ठिकाण सकाळी, जवळचे दुपारी.

बोटीचे कार्ड, ओळखपत्र, दोन दिवसांची औषधे आणि थोडे रोख पैसे अंगावर असू द्या. परदेशी बोटीवर गेलात तर घड्याळ तपासा. सिंगापूरहून निघून थायलंडच्या फुकेतला उतरलात तर तिथले घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते. बोट मात्र बोटीच्या घड्याळाने सुटते.

भर समुद्रात मोबाइलचे बिल भलतेच येऊ शकते; फोन विमानातल्यासारखा बंद पद्धतीवर ठेवा आणि बंदर आल्यावर चालू करा.

आणि शेवटचे. घरातल्या सर्वांनीच एका वाटेने गेले पाहिजे असे कुठे आहे? आबांना जुने गोवे बसमधून पाहू द्या, मुलगा-सून कुलदैवताला जाऊन येतील, आजी बोटीवर पाय पसरून समुद्र पाहील. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिघांकडे सांगायला तीन गोष्टी असतील. फक्त ताटे वाढण्याआधी माणसे मोजून घ्या.