पडद्यावरचा निकाल आणि न्यायालयातला न्याय

इंदूर हे मराठी मनाला परके शहर नव्हे. होळकरांचा राजवाडा आणि अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण यांनी ते आपल्याशी जोडलेले आहे. त्याच इंदूरचे नाव 2025 च्या मे-जूनमध्ये देशभर गाजले, ते मात्र एका भीषण घटनेने. 11 मे रोजी विवाह झालेले जोडपे मधुचंद्रासाठी मेघालयात गेले. 2 जूनला सोहऱ्याजवळच्या दरीत पतीचा मृतदेह सापडला आणि आठवड्याभराने पत्नी उत्तर प्रदेशात पोलिसांच्या हाती लागली. विवाहापूर्वीचा प्रेमसंबंध लपवून, प्रियकराच्या साहाय्याने तिने हा कट रचला, असा पोलिसांचा आरोप आहे. आरोप म्हणजे निकाल नव्हे, एवढे साधे भान मात्र त्या दिवसांत फारच थोड्यांनी राखले.

दूरचित्रवाणीवर रोज रात्री खटला चालला आणि रोज शिक्षाही सुनावली गेली. जुलैमध्ये तर मृताच्या कुटुंबीयांच्या संमतीने या घटनेवर चित्रपटाची घोषणा झाली. तोवर आरोपपत्रही दाखल व्हायचे होते! त्या कुटुंबाचे दुःख आम्ही जाणतो. परंतु जिवंत माणसांवरील खटल्याची रहस्यकथा करणे हा न्यायाचा मार्ग नव्हे.

जोडीदाराचा दडलेला भूतकाळ हा विषय रहस्यपटांना नवा नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आणि त्यावरून 1966 साली निघालेला हिंदी ‘मेरा साया’ यांनी प्रेक्षकांना खिळवून ठेवले. ‘मेरा साया’त जिला सारे जग तोतया समजते, तीच अखेरीस खरी पत्नी ठरते. कल्पित कथेतसुद्धा लेखकाने शेवटच्या रिळापर्यंत धीर धरला. आपल्याला वास्तवात तेवढाही धीर नसावा?

या प्रकरणातून ‘हल्लीच्या मुलींचा भरवसा नाही’ असा निष्कर्ष काढणारेही थोडे नाहीत. त्यांनी न्यायालयांचे दप्तर पाहावे. महाराष्ट्रातील एका पुरुषाने पहिला विवाह लपवून दुसरा केला आणि पोटगी मागताच ‘ती माझी कायदेशीर पत्नीच नव्हे’ असा पवित्रा घेतला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला बजावले की, स्वतःच्या लबाडीचा लाभ त्याला घेता येणार नाही. फसवणुकीला लिंग नसते.

कायद्याने वाटा ठेवल्या आहेत. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या 12 व्या कलमाखाली, फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत विवाह रद्द करून घेता येतो. पूर्वीचा विवाह लपवणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. गोव्यात विवाहनोंदणी दोन टप्प्यांत होते व मधल्या काळात हरकत नोंदवता येते. परंतु नोंदणीच्या पुस्तकात पूर्वीचे लग्न सापडेल; मनातला नकार सापडणार नाही.

तो ऐकण्याचे काम घराचे आहे. आपण पत्रिका जुळवतो, घराणे पाहतो, पगार विचारतो. क्वचित गुप्तहेरही नेमतो. पण मुलाला वा मुलीला एकांतात बसवून ‘तुझी खरी इच्छा काय?’ असे विचारणारी आणि उत्तर ‘नाही’ आले तर ते पचवणारी घरे किती? इंदूरच्या खटल्याचा निर्णय न्यायालय यथावकाश देईल. या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक आईबापाने हॉल ठरवण्यापूर्वी द्यायचे आहे.