गाठीच्या काठावर

नायगावाहून भोईवाड्यामार्गे परळच्या इस्पितळांकडे जाणारी वाट मी लहानपणापासून शेकडो वेळा तुडवली होती. परंतु १९८२ च्या संपापर्यंत गिरणीच्या सूतखात्यात राबलेल्या माझ्या मामांचा हात धरून आणि त्यांच्या तपासण्यांची फाईल काखोटीला मारून त्याच वाटेने जाऊ लागलो, तेव्हा १९४१ सालापासून टाटा स्मारक या कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाला येणारे परगावचे रुग्ण पदपथावर कोणत्या आशेने मुक्काम करतात, हे मला प्रथमच उमगले.

क्ष-किरणतज्ज्ञ असलेल्या एका सहृदय डॉक्टरांनी मला मामांच्या सीटी चित्रांच्या पडद्याशेजारी बसू दिले. हवेने भरलेले फुप्फुस काळेभोर, आणि त्यात करड्या रंगाची, काटेरी कडांची गाठ. तिच्या सर्वांत लांब व्यासावर त्यांनी एक रेघ ओढली. नियम साधा आहे: मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटली तर औषध लागू पडले, आणि २० टक्क्यांनी वाढली तर रोग बळावला. पण हा हिशेब केमोचे दोन-तीन डोस झाल्यावरचा. तोवर केस, भूक आणि रक्तातल्या पेशी यांची किंमत शरीराने मोजलेली असते, आणि औषध निष्फळ ठरल्यास ते दिवस कुठल्याही दप्तरात जमा होत नाहीत.

पेट स्कॅन याहून थोडे लवकर बोलतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर अधाशी पेशी शोषून घेतात आणि पडद्यावर उजळतात. ही साखर परळमध्येच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण-वैद्यक केंद्रातील सायक्लोट्रॉनवर २००२ पासून तयार होऊ लागली. तिचे तेज सुमारे ११० मिनिटांत निम्मे होत असल्याने तिची रवानगी तातडीने करावी लागते. मात्र क्षयाची धगधगती जखमही ती साखर तितक्याच आवडीने खाते, आणि गिरणगावात क्षय कोणाला अपरिचित आहे?

पहिल्या डोसाआधीच उत्तर मिळावे म्हणून जे प्रयत्न चालले आहेत, त्यांतील एक मला विशेष मोलाचा वाटतो. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर अनंत मदाभूषी यांच्या क्लीव्हलँड येथील चमूने २०१९ मध्ये फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या १२५ रुग्णांची उपचारापूर्वीची सीटी चित्रे संगणकाकडून वाचवून घेतली, आणि केवळ गाठीच्या पोटातलाच नव्हे, तर तिच्या भोवतालच्या पट्ट्यातला करड्या छटांचा पोतही औषधाचा परिणाम आधी सुचवू शकतो, असे दाखविले. डोळ्याला जो नुसता काठ दिसतो, तिथे गाठ आणि निरोगी ऊती यांची झुंज चाललेली असते.

डॉक्टरांनी मामांच्या गाठीच्या काठावर बाण फिरविला. तिच्याशेजारी, फुप्फुसाच्या वरच्या भागात, तरुणपणीच्या क्षयाचा, चुना साचलेला व्रण पांढराशुभ्र दिसत होता. परदेशी फुप्फुसांवर शिकलेल्या संगणकाला हा व्रण आणि कापसाच्या धुळीत गेलेली वर्षे उमगतील का, असे मी विचारले. आपल्याच माणसांच्या चित्रांवर पडताळा पाहिल्याखेरीज तसे सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. हा पडताळा परळमध्येच घेतला जावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

“मग ह्या गाठीला विचारता येत नाही का, औषध लागेल की नाही ते?” मामांनी विचारले.

“अजून खात्रीने नाही, काका,” म्हणत डॉक्टरांनी केस पेपरवर सोमवारच्या पहिल्या डोसाची तारीख घातली, आणि तिच्याखाली दोन डोसांनंतरच्या सीटीची.