कण्या, गोरसपाक आणि एक वही

आमच्या ह्यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मग शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला, सेवाग्रामला, आठवड्यातून पाच दिवस. २० वर्षं तंबाखूचा खर्रा खाल्ला, त्याची ही वसुली. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. साधं वरणही झोंबायचं. ठेचा नि जवसाची चटणी तर डोळ्यांसमोरही नको.

त्यात पाहुण्यांचे फोन. साखर बंद करा, गाठ साखरेवरच वाढते म्हणे! आहारतज्ज्ञ बाईंनी वहीत हिशेबच मांडून दिला. साखर सोडल्यानं गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. हे ५० किलोंचे, म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६!

मग ज्वारीच्या कण्या मऊसूत शिजवून त्यात दूध, वर चमचाभर तूप. मुगाचं घट्ट वरण गाळून. अंडं पूर्ण शिजवलेलं, कुस्करून. आणि आपला वर्ध्याचा बिस्किटासारखा गोरसपाक, दुधात भिजला की घास आपोआप उतरतो. सगळं कोमट, दर दोन तासांनी वाटीभर. लिंबू, टोमॅटो, तिखट बंद. खाण्याआधी मीठ-सोड्याच्या पाण्यानं चूळ.

शेकासोबत केमोही होती. त्या दिवसांत कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा उसाचा रसही बंद. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा जंतूही भारी पडतो.

तरी वजन ४ किलोंनी उतरलंच. नाकातून नळी घालायची म्हटल्यावर हे रुसले. मीच म्हटलं, घाला. नळीतूनही कण्यांची पेजच गेली, दोनदा गाळून.