'स्की' म्हणजे फोडलेलं लाकूड

नॉर्वेतल्या दिगेरवार्देन डोंगरावरचा बर्फ वितळला आणि २०१४ साली त्यातून सुमारे १३०० वर्षांपूर्वीची एक स्की वर आली. जोडीतली दुसरी जेमतेम पाच मीटरवर होती, पण ती हाती लागायला २०२१ उजाडलं. लांबी १८७ सेंटिमीटर, रुंदी १७. पाऊल ठेवायच्या जागी आरपार छिद्र. त्यात ओवलेले बर्चच्या पिळलेल्या डहाळ्यांचे बंद, चामड्याची वादी, लाकडी खुंटी. डागडुजीच्या खुणाही दिसतात, म्हणजे भरपूर वापरलेली.

बर्फावरून घसरत जायचं हे साधन. पण त्याच्या नावात ना बर्फ आहे, ना घसरणं. जुन्या नॉर्स भाषेत 'स्कीद' म्हणजे फोडलेल्या लाकडाचा तुकडा. जर्मन माणूस सरपणाच्या फोडीला आजही 'शाइट' म्हणतो, तो याचाच भाऊबंद. फोडण्याला महत्त्व होतं, कारण करवत लाकडाचे तंतू कुठेही तोडते. पाचर ठोकून फोडलं तर लाकूड तंतूंच्या रेषेनेच दुभंगतं. अशी पातळ फळी वाकते, सहजी मोडत नाही.

'कापणे, फोडणे' या अर्थाचा एक प्राचीन इंडो-युरोपीय धातू या शब्दामागे आहे. संस्कृतात त्याच्या आरंभीच्या 'स्क'चा 'छ' झाला आणि 'छिद्' मिळाला. आपले छेद, छिद्र, छिन्नविच्छिन्न त्यातूनच आले. ग्रीकमध्ये त्याच कुळातून 'दुभंगणे' या अर्थाचं क्रियापद आलं, ज्यावरून ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हे नाव घडवलं. धातूला लागलेले प्रत्यय वेगळे, म्हणून 'स्की' आणि 'छिद्र' सख्खी नव्हेत, चुलत भावंडं. दिगेरवार्देनच्या स्कीत ती दोन्ही एकत्र नांदत होती.

नॉर्वेत मात्र 'स्की' म्हणून चालत नाही. तिथे 'इ'आधीच्या 'स्क'चा 'श' होतो, त्यामुळे खरा उच्चार 'शी'. मराठी कानांना हे जरा अवघडच! इंग्रजीने लेखनाबरहुकूम 'स्की' केलं आणि तेच आपल्याकडे आलं.

जुना अर्थ तिकडे पुसला गेलेला नाही. उभ्या खुंटांच्या जोड्यांमध्ये फोडलेल्या लाकडाचे लांब दांडे तिरपे रचून गावाकडे कुंपण घालतात. त्याला 'शीगार' म्हणतात. त्यातला 'शी' म्हणजे लाकडाची फोडच.