पोटाची नोकरी आणि जिवाचे काम

माघी पौर्णिमेला कचारगडला जायचे ठरले ते काही पुण्य जोडायला नव्हे. आमच्या भाच्याच्या खिशात नोकरीची दोन पत्रे होती आणि ताईने, "तूच काय ते त्याला समजाव," म्हणून त्याला माझ्या स्वाधीन केले होते. एक पत्र पुण्याच्या कंपनीचे. पगार जवळजवळ दुप्पट, पण रात्रपाळी. दुसरे गोंदियातल्या एका बँकेतील कारकुनीचे. पोरगा पेटी वाजवतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी उलटली की थेट होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. तिथल्या एका मंडळीत तो तीन हंगाम साथीला बसला आहे. ताईच्या घरावर कर्ज आहे, हेही आताच सांगून टाकतो. ते वगळले तर उपदेश करणे फारच सोपे होते.

दरेकसा स्टेशनला उतरलो तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे आणि ज्याच्या-त्याच्या तोंडी 'जय सेवा'. धनेगाववरून जंगलातली वाट धरली आणि चढ चढून गुहेपाशी आलो. गुहा कसली, डोंगराच्या पोटातला दिवाणखानाच! छताच्या भगदाडातून खाली उजेड उतरतो. गोंड समाजाची श्रद्धा अशी की काली कंकालीची तेहतीस मुले इथे कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांना मुक्त करून ज्ञान दिले. तोंडावरचा धोंडा हटेना, तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने आपल्या वाद्याच्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ आणले. धोंडा हटला, पण त्याखाली तो स्वतः सापडला.

"म्हणजे वादकाचे शेवटी हेच!" भाचा म्हणाला. मी हसलो खरा, पण त्याचा चेहरा हसरा नव्हता.

आज या जत्रेला अनेक राज्यांतून लाखो माणसे येतात. ऐंशीच्या दशकात मात्र मूठभर कार्यकर्त्यांनी इथे जमायला सुरुवात केली. त्यांतले एक मोतीरावण कंगाली. जन्म १९४९ चा, रामटेक तालुक्यातला. नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत. आणि जन्मभराचे काम? गोंडी भाषा, तिचे शब्द, तिची लिपी, गोंडांचा धर्मविचार. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा दावा विद्वानांना सरसकट पटलेला नाही. मलाही तो पेलवत नाही. पण २०१५ साली ते गेले तेव्हा मागे ग्रंथांची एक रांगच उरली होती. हे सारे बँकेची हजेरी सांभाळून झाले.

"मग त्यांनी नोकरी सोडून पूर्णवेळ हेच का नाही केले, मामा?"

"गोंडी शब्द जमवण्याचा पगार कोण देणार होते रे?"

याच्या उलट तऱ्हाही याच जिल्ह्यात पाहायला सापडते. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. कोईमतूरला वनशिक्षण घेऊन ते वनखात्यात शिरले आणि कितीतरी वर्षे नवेगावबांधला राहिले. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १९९९ साली. त्यांची नोकरी म्हणजेच त्यांचा अभ्यास. जंगलात हिंडण्याचाच त्यांना पगार मिळे आणि त्याच हिंडण्यातून 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा' ही पुस्तके निघाली. असे भाग्य फार थोड्यांचे. आपल्यासारख्यांनी हिशेब करायचा तो कंगालींच्या वाटेचा. पोटाची नोकरी निराळी आणि जिवाचे काम निराळे असेल, तर पहिलीने दुसऱ्यासाठी किती जागा ठेवली आहे?

आम्ही मुलींची स्थळे पाहतानाही पगार आधी विचारतो, वेळ कधीच विचारत नाही. म्हणून खडकावर बसून मी भाच्याला आकडे मांडून दाखवले. कामावर जायला दीड तास, यायला दीड तास, महिन्याचे पंचवीस दिवस. वर्षाचे झाले ९०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर एकशे बारा दिवस नुसते रस्त्यात! पुण्याचे घरभाडे वजा जाता दुप्पट पगाराचा दीडपटही उरेना. पण गोंदियाच्या पत्राचाही मी उदोउदो केला नाही. बँकेत बदली होते. मार्चअखेरीची कामे ऐन हंगामाच्या शेवटी येतात. रात्रभर नाटक करून सकाळी रोकड मोजणे हे जोखमीचे. आणि ताईचा हप्ता तेवढ्या पगारात जेमतेम बसेल. बदलीचा नियम काय, रजा किती साठवता येते, हे आधी विचारून घे, असे मी सांगितले. त्याने ते पुण्याच्या पाकिटावर मागच्या बाजूला टिपून घेतले.

मग त्याने सहज विचारले, "मामा, तुमच्या त्या वहीचे काय झाले?"

झाडीबोलीतले शब्द जमवायला मी तिशीच्या आत वही घातली होती. कॉलेजची नोकरी त्यासाठीच धरली म्हणत असे, सुट्या भरपूर. पुढे घर बांधले, सुट्यांत शिकवण्या धरल्या, उत्तरपत्रिका तपासल्या. नोकरीने वेळ दिला होता, तो मीच विकला. त्याला मी काही उत्तर दिले नाही.

घरी आल्यावर दोघांनी मिळून ट्रंक उपसली. वही सापडली. चाळीस पानांवर शब्द, पुढे कोरी. शेवटच्या शब्दापुढे अर्थाची जागा मोकळी ठेवून समासात पेन्सिलीने लिहिले होते : 'आजीला विचारणे'. आजी जाऊन अकरा वर्षे झाली.

भाच्याने तो शब्द दोनदा वाचला आणि आईला फोन लावला. ताईने पलीकडून आधी नोकरीचे काय ठरले ते विचारले. "गोंदिया," तो म्हणाला, "पण बदलीचे विचारायचे आहे अजून." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हप्त्याची तारीख बजावली. त्यानंतर त्याने शब्द विचारला. तिला अर्थ ठाऊक होता.

मी पेन शोधू लागलो.